काळ्या कंप्युटरच्या आतलं कुंकू

आमच्या घरी खंडेनवमीला जी हत्यारं पूजेला बसतात, त्यांत एक कंप्युटर असतो. पाटावर लाल कापड, त्यावर बाबांचा व्हर्नियर, मायक्रोमीटर, दोन पाने, आईची कात्री, माझा ऑफिसचा लॅपटॉप आणि मधोमध तो. काळा, वहीपेक्षा जरा मोठा, खोडरबरासारखी मऊ करडी बटणं. बाबा फुलानं पाणी शिंपडतात, चिमटीनं हळद आणि कुंकू वाहतात. लॅपटॉपवर मी दरवर्षी आधीच प्लास्टिकची पिशवी चढवून ठेवते. काळ्याला कधी कुणी पिशवी घातली नाही. तो बंदच होता, त्याचं आणखी काय बिघडणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाबा पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या टूलरूममध्ये होते. शाळा चाकणजवळच्या गावात, मराठीतून, मग आयटीआय. लग्नाच्या आधी कंपनीतल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांनी सामान विकायला काढलं, त्यात हा कंप्युटर होता. आठ बिटचा. माझ्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्याच्यात मावणार नाही. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम कॅसेटवर असायचा आणि टेपरेकॉर्डर लावून तो आत सोडावा लागायचा. मी चार-पाच वर्षांची असतानाची मला आठवण आहे: टेपमधून कर्कश किंकाळीसारखा आवाज यायचा, टीव्हीच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावायच्या आणि मी आईच्या मागे लपायचे. आत कुणाला तरी कोंडलंय अशी माझी समजूत होती.

मग टीव्ही बदलला, टेपरेकॉर्डर माळ्यावर गेला, काळा दिवाणात गेला. त्यानंतर वीस वर्षं बाबा एकच वाक्य म्हणत आले: "चालतो तो. फक्त जोडायला काही नाही." त्यांनी त्यावर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम होता, असंही ते सांगायचे. गिअरला किती दाते पाडायचे ते सांगितलं की मशीनचं हँडल किती फिरवायचं हे तो प्रोग्रॅम सांगायचा. एकदा तरी तो पुन्हा चालताना बघायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी तळवड्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. "चालतो" हा शब्द मी कुणाचाही मान्य करत नाही. खरं सांगायचं तर बाबांचाही केला नव्हता. इंग्रजीत अर्ज लिहायचा झाला की माझ्याकडून स्पेलिंग तपासून घेणारा माणूस इंग्रजी मशीनसाठी प्रोग्रॅम लिहितो, हे मला पटत नव्हतं. मी तोंडानं कधी म्हटलं नाही. तोंडानं न म्हणता मी बरंच काही करते.

गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, मी जुन्या कंप्युटरवाल्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर काळ्याचा फोटो टाकला आणि हा चालू होऊ शकेल का, असं विचारलं. दहा मिनिटांत एका माणसाचा निरोप आला. चाकणला एका कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या खात्यात आहे, मूळचा लातूरकडचा, माझ्याकडेही एक जुना आहे, रविवारी घेऊन येऊ का? दहा मिनिटांत उत्तर देणारी माणसं मला भरवशाची वाटत नाहीत. पण निरोप वाचताना बाबा माझ्या खांद्यामागे उभे होते.

"बोलव त्यांना," ते म्हणाले.

तो आला. पन्नाशीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मोठी प्रवासी बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. बॅगेतून त्यानं त्याचा कंप्युटर काढला. दुधी पांढरा, चांगलाच जड, खरी टाइपरायटरसारखी बटणं आणि वरच्या ओळीत लालसर बटणांची रांग. लातूरकडच्या त्याच्या शाळेत तसे आले होते म्हणे, सरकारी योजनेतून. शिक्षक त्यावर झाकण घालून कुलपात ठेवायचे. हा मात्र त्याला कुदळवाडीच्या भंगारात मिळाला होता, तिथली गोदामं पाडली जायच्या आधी. भंगार हा शब्द मी मनात नोंदवून ठेवला.

पुढचे दोन तास मी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून काम करत असल्यासारखी बसले आणि त्याच्या हातांकडे बघत राहिले. आमचा जुना अडॅप्टर त्यानं लावूच दिला नाही. "नको काका, इतकी वर्षं पडून आहे, एखादा चुकीचा व्होल्ट गेला तर आतलं जळून जाईल. माझा लावू." आमची वस्तू बाजूला, स्वतःची पुढे, हेही मी नोंदवलं. त्यानं एक छोटा पडदा आणला होता. त्याला काळा जोडला, आणि करड्या पडद्याच्या तळाशी कंपनीची एक ओळ उमटली.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

मग दोघे लहान मुलांसारखे भांडायला लागले.

"बटणं बघा की माझी," तो म्हणाला. "तुमची म्हणजे रबरी चप्पल आहे, काका."

"तुमचं बटण दाबलं की एक अक्षर येतं. माझं दाबलं की अख्खा शब्द येतो," बाबा म्हणाले. खरंच, काळ्याच्या प्रत्येक बटणावर एकेक पूर्ण इंग्रजी शब्द छापलेला होता. "मला स्पेलिंग येत नव्हतं हो. याला यायचं. म्हणून तर शिकलो."

मी लॅपटॉपमधून मान वर केली नाही.

"चूक झाली तर?" पाहुणा म्हणाला. "माझा सरळ सांगतो, चुकलास."

"ओळ घेऊन मग सांगतो ना? माझा चुकीची ओळ आतच घेत नाही. जिथं चुकलं तिथं प्रश्नचिन्ह उघडझाप करतं. दारातच अडवतो."

त्या दोघांतला काळाच मला जवळचा वाटला. तो संशयी होता.

पांढरा सुरू होताना 'बूऽ-बीप' असा आवाज करायचा आणि आईला तो इतका आवडला, की तिनं तीनदा करायला लावला. चहा झाला, पोहे झाले. पण कॅसेट आत सोडायची तर काळ्यावर इंग्रजी 'J' अक्षराचं बटण दाबावं लागतं, त्याच्यावर तो हुकूम छापलेला आहे. आणि 'J' दाबून काही होत नव्हतं. त्याच्या शेजारची चार बटणंही मेलेली होती.

"आत घाण गेली असणार," पाहुणा म्हणाला. "घरी नेतो, उघडतो, साफ करून आणून देतो. इथं माझी हत्यारं नाहीत."

"न्या की," बाबा म्हणाले. लगेच. माणसाला भेटून दोन तास झाले होते.

"बाबा, बुधवारी खंडेनवमी आहे," मी म्हणाले. त्या दुपारचं माझं हे पहिलंच वाक्य होतं. "पूजा होऊ दे ना. पुढच्या रविवारी नेतील."

बाबांना मुलीची भाविकता आवडली. पाहुण्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि "बरोबर आहे ताईंचं" म्हणाला. तो गेला तेव्हा मी खिडकीतून त्याच्या स्कूटरच्या नंबरप्लेटचा फोटो काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

मला वेळ हवा होता तो खूण करण्यासाठी. जुन्या सर्किटांना सोन्याचा मुलामा असतो, चालू बोर्ड काढून बंद बोर्ड बसवून देतात, हे सगळं मी त्या आठवड्यात वाचून काढलं होतं. बाहेरचं खोकं तेच परत आलं तरी आतला कंप्युटर आमचाच असेल कशावरून? आतल्या बोर्डाचे फोटो काढायचे, कोपऱ्यात नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. परत आल्यावर ताडून बघायचं. ऑफिसात मी हेच करते.

आमच्याकडे पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कुणी उचलत नाही. दसऱ्याच्या दुपारी आई-बाबा सोनं द्यायला गावी गेले. मी काम आहे सांगून घरी राहिले. पाटावरून काळा उचलला, त्याच्याखालच्या लाल कापडावर त्याचा चौकोन उमटला होता. उलटा करून खालचे स्क्रू काढले आणि वरचं झाकण डबा उघडावा तसं झटक्यात उचललं.

काडकन असा आवाजही झाला नाही. वाळलेलं पान चुरगळावं तेवढाच. बटणांखालचा पातळ प्लास्टिकचा कागद खालच्या बोर्डाला दोन फितींनी जोडलेला होता, आणि त्यातली एक माझ्या हातात तुटून आली होती.

आत सगळीकडे एक बारीक तांबूस थर होता, मागच्या उघड्या खाचेतून इतक्या वर्षांचं कुंकू आत गेलेलं. मग मी फोटो काढले. ठिपका दिला. हातून एवढं झाल्यावरही ठिपका दिला, हे मला आज जास्त लागतं. फितीचं तुटकं टोक होतं त्या जागी परत खोचलं, झाकण लावलं, काळ्याला कापडावरच्या त्याच्या चौकोनात नीट ठेवलं. संध्याकाळी बाबांनी माझ्या हातात आपट्याची पानं दिली आणि मी त्यांच्या पाया पडले.

रविवारी पाहुणा येऊन काळा घेऊन गेला.

मंगळवारी त्याचा फोन आला. बाबा गॅलरीत जाऊन बोलले, आत आले तेव्हा चेहरा उतरलेला. "बटणांची फीत तुटलीये म्हणतो. आता एकही बटण चालत नाही. नवीन कागद मागवून बसवतो म्हणतो."

"तुटलीये की तोडलीये?" आई म्हणाली.

"उघडताना तुटली असणार. त्याच्या हातून." मग थोड्या वेळानं, "माझ्यासमोर बाकीची बटणं चालत होती."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. त्या वेळी सांगता आलं असतं. पण वीस वर्षं ज्याची वाट बघितली ती गोष्ट स्वतःच्या मुलीनं मोडली, तीही पूजेतून उचलून, तीही संशयापायी, हे वाक्य मला कुठल्याच भाषेत जुळवता येईना.

गुरुवारी माझे काका गावाहून वालाच्या शेंगा घेऊन आले. त्यांना कळल्यावर ते हसायलाच लागले.

"भंगारवाल्याला दिला व्हय, दादा? आता कसला येतोय माघारी! आतलं सोनं काढून नुसतं खोकं धाडंल बघ."

"तो भंगारवाला न्हाई," बाबा म्हणाले. भावाशी बोलताना त्यांची भाषा गावची होते. "कारखान्यात हाय कामाला."

"आरं, चोर काय पाटी लावून येतो का? पोरी, तू तरी सांगायचं ना ह्यांना. तू शिकल्याली."

"मी म्हटलं होतं, थांबा म्हणून," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. ते खोटंही नव्हतं. बाबांनी मान हलवली, "व्हय, ती म्हणली व्हती," आणि माझ्या डोळ्यांसमोर माझा संशय त्यांच्या तोंडावर चढला. आठवडाभर तो तिथंच होता. पुढचे दिवस ते त्या माणसाचं नाव घेईनासे झाले. 'तो' म्हणायला लागले.

त्याच्या पुढच्या रविवारी तो आला तेव्हा बाबा सोफ्यावरून उठले नाहीत. या, म्हणाले. पाणी आलं, चहा आला नाही. आमच्या घरात दारी आलेल्या गॅसवाल्यालाही चहा विचारतात. तो ते समजला असणार. त्यानं काळा टेबलावर ठेवला, जुना तुटका कागद काढून शेजारी ठेवला आणि शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राची एक बारकी पुडी काढली.

"हे आतलं कुंकू, काका. ब्रशनं काढलं. पूजेचं आहे, कचऱ्यात कसं टाकायचं म्हणून ठेवलं. काकूंनी तुळशीत घालावं."

आईनं पुडी घेतली.

"आणि फीत," तो म्हणाला, "माझ्या हातून गेली. जपायला पाहिजे होतं. नवीन बसवलीये."

बाबा म्हणाले, "चालत्या वस्तूला हात लावताना माणसानं दहादा विचार करावा. आमच्या टूलरूममध्ये असं झालं असतं तर—"

"चूक झाली, काका."

मी टेबलावरच्या कागदाकडे बघत होते. सगळ्या कागदावर कुंकवाचा तो बारीक थर होता, आणि त्यात कडेला चार बोटं स्वच्छ उमटली होती. लहान बोटं. या माणसाचा अंगठा माझ्या दोन बोटांएवढा. फितीच्या वरच्या अंगावर लाली होती आणि जिथं ती तुटली होती तिथं कड कोरी, पिवळट. म्हणजे कुंकू बसून झाल्यावर तुटलेली. ब्रश लागायच्या आधी कुणीतरी आत हात घातलेला. दुरुस्तीवाल्या माणसाला हे दिसणार नाही हे शक्यच नव्हतं. मी वर पाहिलं तर तो माझ्याकडे नाही, माझ्या नखांकडे बघत होता. नेलपॉलिश तेच होतं.

आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी थांबले. तो बोलणारच नव्हता.

"बाबा, मी तोडली," मी म्हणाले. "दसऱ्याच्या दिवशी. तुम्ही गावी गेला होता तेव्हा मी उघडला. हे आतला बोर्ड बदलतील असं मला वाटलं, म्हणून खूण करायला. फीत माझ्या हातून तुटली."

बाबांनी चष्मा लावला. कागद उचलून खिडकीकडे नेला, तुटलेली कड डोळ्यांजवळ धरली, माझी बोटं बघितली. आयुष्यभर ते हेच करत आले होते, मोडलेलं टूल हातात घेऊन ते कसं मोडलं हे सांगणं. त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. पण त्यांनी तोंड वळवायला बराच वेळ घेतला.

"पूजेतून उचललास?"

"हो."

मग ते पाहुण्याकडे वळले. "आणि तुम्ही का म्हणालात, तुमच्या हातून गेली?"

तो अवघडला. "मी बाहेरचा माणूस, काका. बाहेरच्याचा राग काय, दोन दिवस. घरातला लई दिवस राहतो."

बाबा खाली बसले. आईला म्हणाले, "चहा टाक." आणि मग, तिला थांबवून, "आलं घालून."

माझ्याशी ते एवढ्यात बोलणार नाहीत हे मला कळत होतं. पण ते म्हणाले, "कशाची केली खूण?"

"नेलपॉलिशची."

"नेलपॉलिश! थिनरचा बोळा फिरवला की साफ." ते पाहुण्याला म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर आहे का?" दोघांनी मिळून झाकण उघडलं, या वेळी हळू, एका बाजूनं, बोटानं फिती सोडवत. आत आता सगळं लख्ख होतं. कोपऱ्यात माझा गुलाबी ठिपका. बाबांनी आतल्या पत्र्याच्या पट्टीकडे बोट केलं. तिच्यावर सुईनं कोरल्यासारखे बारीक आकडे होते. त्यांचा कंपनीतला टोकन नंबर.

"घेतला त्याच आठवड्यात कोरलाय. टूलरूममध्ये पहिल्या दिवशी काय शिकवतात? आपलं हत्यार ओळखता आलं पाहिजे. नाहीतर शेजारचा उचलतो."

"ते मी पहिल्यांदा उघडला तेव्हाच बघितलं," पाहुणा म्हणाला. "म्हटलं, हा माणूस आपल्यातला."

मी फोनमधले माझे फोटो काढून बघितले. चौदा फोटो होते. नऊ फोटोंत तो नंबर स्पष्ट दिसत होता.

चहानंतर बाबांनी माळ्यावरून काढलेला टेपरेकॉर्डर जोडला, कॅसेट लावली. 'J' दाबलं, पडद्यावर शब्द उमटला. टेप सुरू झाली आणि ती किंकाळी खोलीत भरली. आईनं कान झाकले, मी या वेळी जागची हलले नाही. पहिल्या खेपेला अर्ध्यात चूक आली. बाबांनी आवाज केसभर कमी केला, टेप मागे घेतली. दुसऱ्यांदाही चूक. तिसऱ्यांदा ते आवाजाच्या बटणावर बोट ठेवून, डोळे मिटून ऐकत राहिले आणि मध्येच ते इतकंसं फिरवलं. पट्ट्या थांबल्या. पडदा कोरा झाला, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत, मराठीत, प्रश्न आला: दात किती पाहिजेत?

मी तो प्रश्न दोनदा वाचला.

"घाल आकडा," बाबा मला म्हणाले. "टेस्टर ना तू?"

मी मुद्दाम अडचणीचा घातला. सदतीस.

"हँडलचा एक फेरा आणि सदतीस भोकांच्या प्लेटवर आणखी तीन भोकं," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. सेकंदभरानं पडद्यावर तेच आलं. पाहुण्यानं मांडीवर थाप मारली आणि या कॅसेटची एक कॉपी मिळेल का, असं विचारलं. म्हणजे त्याला काहीतरी हवं होतंच, हे माझ्या मनात आलंच. बाबा घ्या म्हणाले.

प्रश्न पुन्हा समोर आला होता. नवीन काहीही हाती आलं की आम्ही टेस्टर पहिल्यांदा जे करतो, ते मी अजून केलं नव्हतं. लिहिणाऱ्यानं ज्याचा विचार केलेला नसतो, ज्यानं प्रोग्रॅम हमखास कोसळतो, तो आकडा. बाबा माझ्या बोटाकडे बघत होते.

मी शून्य दाबलं.

पडदा क्षणभर तसाच राहिला. मग खाली, इंग्रजी अक्षरांत, सावकाश उमटलं: शून्य दाताचा गिअर नसतो. नीट विचार कर.